दगडावरची बारावी ओळ

"गुरुजी, त्यातलं एक नाव कमी करा," शिदूतात्या सपकाळ म्हणाले.

शाळा नुकतीच सुटली होती. मी ओट्यावर बसून, पट्टीनं रेघा आखून, नावांची यादी पक्क्या शाईनं उतरवत होतो. माझं अक्षर चांगलं आहे आणि ते चांगलं आहे हे मला त्या वयात जरा जास्तच ठाऊक होतं. एका कागदावर खाडाखोड झाली तर मी तो टाकून नवा घेत असे.

"कुठलं नाव, तात्या?"

"गेणूचं."

मी लेखणी खाली ठेवली. गेणू रामजी सपकाळ म्हणजे तात्यांचा सख्खा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेला. यादीतलं शेवटचं, अकरावं नाव त्याचं होतं.

ही गोष्ट पंचाण्णव सालची. आमची नवी खिरवंडी हे धरणग्रस्तांचं गाव. जुनी खिरवंडी कोयनेच्या खोऱ्यात होती. साठच्या सुमारास ती पाण्याखाली गेली आणि त्यातली काही घरं इकडे उजाड माळावर येऊन राहिली. जुन्या गावात एक दगड होता, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे मेलेल्या सहा जणांच्या नावांचा. दुसऱ्या लढाईत आणखी पाच गेले, पण त्यांची नावं कुणी कोरली नाहीत. दर दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी सगळं गाव त्या दगडापाशी जमायचं आणि एक जण अकरा नावं मोठ्यानं पुकारायचा. नाव घेतलं की त्या घरातल्या पुरुषानं टोपी काढून "हजर" म्हणायचं. घरात कुणी उरलं नसेल तर पुकारणाराच म्हणायचा. दगड पाण्यात गेला, तरी रीत माणसांबरोबर इकडे आली आणि शाळेच्या मैदानात सुरू राहिली.

पुकारायचं काम पन्नास वर्षं दौलती हवालदारांकडे होतं. ते त्याच चैत्रात गेले. माझा आवाज मोठा म्हणून ते माझ्याकडे आलं. त्यातच लढाई संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ग्रामपंचायतीनं नवा दगड बसवायचं ठरवलं होतं, अकराच्या अकरा नावांचा, प्रत्येकापुढे मरणाचं साल घालून. दसऱ्याला महिना राहिला होता.

"तात्या, मी सहा वर्षं बघतोय. गेणूचं नाव घेतलं की हजर तुम्हीच म्हणता. तेही सगळ्यांत मोठ्यानं."

"म्हन्तो."

"मग आता काय झालं?"

"म्हनलेलं हवंत जातंय, गुरुजी. दगडावर ऱ्हातंय."

ते माझ्या यादीकडे बघत राहिले. वाचता येत नव्हतं त्यांना, पण शेवटची ओळ कुठली हे कळत होतं. मग काठी उचलून निघून गेले.

मला रागच आला. खरं सांगायचं तर यादी पुन्हा लिहावी लागेल याचा राग जास्त होता.

सरपंच उत्तमरावांच्या कानावर घातलं तर ते हसले. "भाऊबंदकी असंल जुनी. मेल्या मानसाशी कसलं वाकडं धरत्यात? यादी जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातनं आलीया. तिच्यात काना-मात्रा हलवायचा न्हाई. मोठं साहेब येनार हाईत उद्घाटनाला."

तिकडे वर्गातही मौज चालली होती. मी नकाशा टांगून पोरांना इटली दाखवली. एकानं विचारलं, "गुरुजी, तिकडची मानसं आपल्यावर चालून आली व्हती का?" नाही म्हटलं. "मग आपली मानसं तिकडं का गेली?" मी पुस्तकात होतं ते सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नाही. त्या पोराच्या पणज्याचं नाव यादीत चौथं होतं आणि ते त्याला ठाऊक नव्हतं.

सैनिक कार्यालयानं प्रत्येकाचा पलटणीतला नंबर मागवला होता. दहा जणांचे मिळाले. गेणूचा मिळेना. शेवटी एका रविवारी सकाळी मीच सपकाळांच्या घरी गेलो.

तात्या अंगणात दोरखंड वळत बसले होते. तान्हूआजी चुलीपुढे होत्या. दोन लेकी लांब दिलेल्या, त्यामुळे घरात ही दोघंच. तान्हूआजींचं गावात एक प्रसिद्ध होतं: त्या कधी उखाणा घेत नसत. लग्न असो, हळदीकुंकू असो, बायका नाव घे नाव घे म्हणून मागे लागायच्या आणि ह्या पदर तोंडाला लावून उठून जायच्या. सत्तरीतली बाई नवरीसारखी लाजते म्हणून त्यांची चेष्टा व्हायची.

"नंबर हवाय गेणूबांचा," मी म्हटलं. "एखादं जुनं कागदपत्र असेल तर बघा."

तात्या दोर वळतच राहिले. तान्हूआजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, हात पुसले, आत जाऊन पत्र्याची डबी आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ह्ये गं कशाला?" तात्या म्हणाले.

"वाचू द्यात की. कवातरी कुनीतरी वाचाया पायजेच."

डबीत एक तार होती आणि एक पत्र. तारेत नंबर होता, तो मी उतरून घेतला. काम झालं होतं. पण जुनं पत्र हातात आलं की मास्तर माणसाला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. पलटणीतल्या कुणा लिहित्या माणसाकडून लिहवून घेतलेलं, शाई विटलेली. मी मोठ्यानं वाचू लागलो.

"तीर्थरूप आईस गेणूचा शिरसाष्टांग नमस्कार. मी सुखरूप आहे. इकडे थंडी फार. डोंगर आपल्यासारखेच आहेत, झाडी निराळी. ढवळी शेळी विकू नये. शिदूला सांगणे, त्याने मनाला लावून घेऊ नये. मी आपखुशीने आलो आहे. त्याने घर सांभाळावे. वहिनीस नमस्कार."

मी थांबलो. शेवटची ओळ परत वाचली.

"तात्या, गेणूबा थोरले ना?"

"थोरलं."

"मग त्यांना वहिनी कुठली? थोरल्याला वहिनी कशी असेल?"

तान्हूआजींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"सासूबाईंना दोन ल्योक," त्या म्हणाल्या, "आन सून येकच. मीच ती. थोरल्याची."

मला कळायला थोडा वेळ लागला. पत्र लिहिणाऱ्यानं सही गेणू म्हणून केली होती, पण वहिनीला नमस्कार धाकट्या दिरानं केला होता. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी दोरखंड बाजूला ठेवला होता.

"गेणू म्या हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बेचाळीस साल. गावच्या पाटलानं गेणूचं नाव भरतीला दिलं होतं. लग्नाला दोन महिने झाले होते. तालुक्याच्या गावी मैदानात सगळ्यांना उभं केलं. साहेब कागद बघून नाव घ्यायचा, ज्याचं नाव त्यानं हजर म्हणून पुढं व्हायचं आणि मग छाती-उंची मोजायची. धाकटा शिदू भाकरीचं गठुडं घेऊन भावाला पोचवायला आला होता. सतरा वर्षांचा, पण अंगानं भरलेला.

"माजं नाव घेतलं सायबानं. येकदा घेतलं. म्या उबा. दुसऱ्यांदा घेतलं. जीभ उचलंना, गुरुजी. काय झालं ते मला आजबी सांगता येनार न्हाई. आन शेजारनं शिदू म्हनला, हजर."

"आणि पाटील?"

"पाटलाला मानसं भरायची व्हती. त्यानं मान फिरीवली."

गेणूच्या नावानं शिदू गेला आणि चव्वेचाळीस साली गेणूच्या नावानं मेला. तार आली तेव्हा पाटीलच म्हणाला, गेणू आता कागदावर मेला, तू शिदू हो, नाहीतर सगळी आत जाल. जुन्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी तोंड उघडलं नाही.

"आई मला शिदू म्हनाया लागली," तात्या म्हणाले. "चार मानसांत म्हनायची, मग घरातबी. मरताना शिदू शिदू करीत गेली. मला बोलवत व्हती का त्याला, कळलं न्हाई."

तान्हूआजी अजून चुलीकडेच बघत होत्या. "कागदावर म्या रांडाव. वरसातनं येकदा पेन्शनीला तालुक्याला जायाचं. निघायच्या आदी सासूबाई आपल्या पदरानं माजं कुकू पुसायच्या. सोताच्या हातानं. ल्योक उंबऱ्यात उबा आसायचा, आन त्या पुसायच्या. धरान आलं, गाव फुटलं, तवा म्या म्हनलं, आता बास. नवा पत्ता कुनाला दिऊच नगा."

"म्हणून उखाणा घेत नव्हता तुम्ही."

"काय घिऊ? खरं नाव घ्यायची सोय न्हाई. आन दुसरं घेतलं तर दिराचं नाव नवरा म्हनून कसं घिऊ?"

मी सहा वर्षं त्यांच्या लाजण्याला हसत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"इथं कुणाला माहीत आहे हे?"

"जुन्या मानसांतला दौलती शेवटचा व्हता. त्यो गेला," तात्या म्हणाले. "आता आमी दोगं. आन गुरुजी, मला मरनाचं काय न्हाई. पन म्या मेलो की लोक शिदूला जाळत्याल. म्हातारा हुऊन मेला म्हनत्याल. दगडावर गेणू लिवलेला आसंलच. सगळं बराबर जुळंल. मग सतरा वरसाचं प्वार माज्या जागी गेलं व्हतं, ह्ये कुनाला कळायचं? त्यो कवा मेलाच न्हाई आसं हुईल."

"तुम्ही लेखी द्या. मी स्वतः जिल्ह्याला जाऊन..."

"आंगठा कुनाच्या नावानं लावू?"

त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय केलं ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण मी काहीच केलं नाही. सरपंचांना सांगितलं तर गावभर होणार. साहेबांना सांगितलं तर त्या म्हाताऱ्यांनी सरकारला फसवलं म्हणून चौकशी लागणार. आणि माझी नोकरी होती, ती मला प्यारी होती. यादी मी होती तशीच पाथरवटाला दिली. फक्त एक केलं. अंकुश पाथरवट नावं आखत होता तेव्हा त्याला म्हटलं, अकराव्या नावाखाली एका ओळीची जागा सोड.

"कशाला वो, गुरुजी?"

"शोभेला," मी म्हटलं.

दसऱ्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. पुरुष पुढे, बायका मागे शाळेच्या भिंतीशी. पाहुणे साहेब खुर्चीवर बसले. दगडावरचं फडकं निघालं, नारळ फुटला, आणि मी कागद हातात घेऊन पुकारायला उभा राहिलो. एकेक नाव घेत गेलो. टोप्या निघत होत्या, हजर हजर येत होतं. चौथ्या नावाला माझ्या वर्गातल्या त्या पोराला त्याच्या बापानं पुढे ढकललं आणि तो वर्गातल्यासारखं खणखणीत हजर म्हणाला. लोक हसले.

"गेणू रामजी सपकाळ."

"हजर," तात्या म्हणाले. नेहमीइतक्याच मोठ्यानं. दर दसऱ्याला हा माणूस एवढ्या जोरात का ओरडतो, ते त्या दिवशी मला समजलं. त्रेपन्न वर्षांपूर्वी न निघालेला शब्द ते दरसाल काढून दाखवत होते.

यादी संपली होती. मी कागदाची घडी घातली. खिशात घालून खाली बसायचं, एवढंच उरलं होतं. तात्या टोपी हातात धरून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी माझ्याकडून काही मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित मी बसलोही असतो.

"शिदू रामजी सपकाळ," मी पुकारलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. उत्तमराव माझ्या कानाशी आले. "गुरुजी, जित्त्या मानसाचं नाव घेतलं की वो. पुढं बगा, तात्या उबं हाईत."

मी परत पुकारलं, "शिदू रामजी सपकाळ."

तात्यांचे ओठ हलताना मला दिसले. आवाज येत नव्हता. टोपी हातात चुरगळली होती. एकदा नाव घेतलं होतं, दुसऱ्यांदा घेतलं होतं, आणि माणूस तसाच उभा होता. मी हे काय करून बसलो, असं मला वाटलं.

"हजर."

मागून, भिंतीकडून आलं. बायकांनी हजर म्हणायची रीत नव्हती. सगळ्यांनी माना वळवल्या. तान्हूआजी बायकांतून पुढे येऊन उभ्या होत्या. पदर नीट डोक्यावर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"हजर हाय," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मागे जाऊन बसल्या.

मग हशा पिकला. म्हातारीनं नवऱ्याची हजेरी लावली म्हणून पुढे कितीतरी दिवस गावात ती गोष्ट रंगवून सांगत होते. साहेबांनी विचारलं, तर उत्तमरावांनी सांगितलं, आमचे फडतरे गुरुजी पुकारायला नवीन आहेत, गडबडले. साहेब चांगला माणूस, तोही हसला. सगळं निभावलं.

सोनं वाटून झाल्यावर मी त्या दोघांबरोबर त्यांच्या घराकडे चालत निघालो. तान्हूआजी चार पावलं पुढे होत्या.

"आवाज निगंना, गुरुजी," तात्या म्हणाले. "येवडं तुमी केलं, आन मला निगंना."

"तवा तरी कुटं निगाला हुता?" तान्हूआजी मागे न बघता म्हणाल्या. "म्हनून तर पन्नास वरसं माज्यासमोर बसून जेवताय."

तात्या हसायला लागले. हसता हसता थांबले आणि टोपीनं डोळे पुसले. मीही दुसरीकडे बघत चाललो, कारण माझीही तीच गत होती.

घराजवळ आल्यावर तात्यांनी विचारलं, "दगडावरची ती खालची मोकळी वळ कशाची?"

"तुम्ही गेल्यावर भरायची. तेव्हा कुणी हरकत घेणार नाही. गावाला वाटेल, तुमचंच नाव घातलं."

"म्हंजे त्याचं नाव लागाया मला मराया पायजे."

"हो, तात्या."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "बराबर हाय," ते म्हणाले.

अठ्ठ्याण्णवच्या माघात ते झोपेतच गेले. ग्रामपंचायतीच्या बैठकीत मी विषय काढला. दर दसऱ्याला सगळ्यांत मोठ्यानं हजर म्हणणारा माणूस, दगडावर एक ओळ रिकामी आहे, त्याचं नाव असावं. उत्तमरावांनाच ते इतकं पटलं की त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

कोरायच्या दिवशी तान्हूआजी येऊन दगडाशेजारी बसल्या. कपाळ मोकळं होतं, ह्या खेपेला खरोखरीचं. अंकुशनं ओळ आखली, छिन्नी लावली. माणूस भला, म्हातारीला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "आजी, मालकांचं नाव चांगलं ठसठशीत काढतो बगा."

"मालकांचं वर हाय," त्या म्हणाल्या. "त्ये अकरावं. ह्ये दिराचं. जाताना भाकरीचं गठुडं माज्या हातनं घेतलं, आन माघारी आलंच न्हाई प्वार."

अंकुशनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हातारीचं भान गेलंय का, असं त्याला विचारायचं होतं. मी नुसतीच मान हलवली. त्यानं नाव कोरलं. तासाभरात झालं.

"आन साल?" त्यानं मला विचारलं. "अठ्ठ्याण्णव घालू न्हवं?"

"चव्वेचाळीस घाल," तान्हूआजी म्हणाल्या.

"गुरुजी?"

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

आता तान्हूआजीही नाहीत आणि मीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दसऱ्याला अजून जातो. नवे मास्तर बारा नावं पुकारतात. कुणी पाहुणा दगड वाचता वाचता खालच्या ओळीशी अडखळला की गावातलं कुणीतरी त्याला समजावतं, नाव बरोबर आहे, आमच्या तात्यांचंच आहे, साल तेवढं फडतरे गुरुजींनी चुकवलंय. मी शेजारी उभा असलो तर मान खाली घालतो.